प्रॉक्सीचा सीपीयू ९८ टक्के: राबतोय की ताटकळतोय?

‘नेट फार हळू चाललंय’ अशी तक्रार येते. तुम्ही प्रॉक्सी सर्व्हरवर, म्हणजे वापरणारे आणि इंटरनेट यांच्यातल्या मध्यस्थावर, लॉगिन करता, टॉप कमांड चालवता (चालू प्रोग्रॅम आणि त्यांचा सीपीयू वापर दाखवणारी), आणि यादीत सगळ्यात वर स्क्विडचं, म्हणजे प्रॉक्सीचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव दिसतं. शेजारी आकडा ९८. चोर सापडला असं वाटतं. तेवढ्यात सहकारी मॉनिटरिंगचा आलेख समोर धरतो: याच सर्व्हरचा एकूण सीपीयू वापर जेमतेम १२ टक्के आहे.

दोघंही बरोबर आहात. मशीनला आठ कोअर (सीपीयूतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत आणि स्क्विडची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, एकच. ती एका कोअरला पिळून काढते आहे आणि उरलेले सात कोअर रिकामे बसले आहेत. टॉप प्रोसेससमोर जो आकडा दाखवतो तो एका कोअरच्या हिशेबात असतो, आलेख सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. टॉप चालू असताना १ हे बटण दाबलं की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो आणि वाद मिटतो.

पण तक्रार मिटत नाही. कारण सीपीयू चढलाय ही एक गोष्ट आणि प्रतिसाद हळू आहे ही दुसरी. कधी पहिलीमुळे दुसरी घडते, कधी दुसरीमुळे पहिली, आणि कधी दोघींचा एकमेकींशी काही संबंधच नसतो. हे न तपासता नवीन मशीन मागवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आधी हा मध्यस्थ नेमकं काय करतो ते बघू. कॅशिंग प्रॉक्सी वापरणाऱ्यांच्या आणि वेबसाइटच्या मधे बसतो. कोणी पान मागितलं की आपल्या साठ्यात ते आहे का, अजून ताजं आहे का, हे बघतो. असेल तर तिथल्या तिथे देतो. याला हिट म्हणतात. नसेल तर मूळ सर्व्हरकडून आणतो, देतो आणि जमल्यास एक प्रत ठेवून घेतो, हा मिस. स्क्विड या कुळातला जुनाजाणता गडी. हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातून तो निघाला आणि त्याची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. त्या काळात बहुतेक मशीनमध्ये एकच प्रोसेसर असायचा, त्यामुळे त्याची रचनाही तशीच झाली: एकच प्रोसेस, एकच फेरी. खिडकीवर एकच कारकून बसलाय आणि समोर हजार माणसं उभी आहेत असं समजा. हा कारकून कोणासाठीही थांबत नाही. एकाचा अर्ज आत पाठवतो, तो परत येईपर्यंत दुसऱ्याकडे वळतो. जोपर्यंत त्याला कुठेही थांबावं लागत नाही, तोपर्यंत एकटा माणूस हजारांना पुरतो. आवृत्ती ३.२ पासून अनेक वर्कर चालवता येतात, म्हणजे कारकून वाढवता येतात. पण यूएफएस आणि एयूएफएस या जुन्या पद्धतीच्या डिस्क साठ्यात वर्करांना भागीदारी करता येत नाही, त्यासाठी रॉक प्रकारचा साठा लागतो. त्यामुळे कॉन्फिगमध्ये वर्करांचा आकडा वाढवला आणि काम झालं, इतकं ते सोपं नाही.

किती टक्के म्हणजे जास्त?

कारकुनाला एका अर्जामागे सरासरी २ मिलिसेकंद लागतात असं धरू. तो निम्मा वेळ कामात असेल, म्हणजे सीपीयू ५० टक्के, तर रांगेत थांबणं धरून एका अर्जाचा निकाल साधारण ४ मिलिसेकंदांत लागतो. ९० टक्के कामात असेल तर २० मिलिसेकंद. ९५ टक्क्यांवर ४०. ९९ टक्क्यांवर २००. कामाचा वेळ भागिले रिकामेपणाचा वाटा, एवढंच हे गणित आहे. रांगांचं हे शास्त्र सुरू झालं टेलिफोनमुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी त्यावरचा पहिला लेख १९०९ साली लिहिला. अर्ज अगदी यादृच्छिकपणे येतात असं हे सूत्र गृहीत धरतं. प्रत्यक्षात ते थव्याने येतात, म्हणजे वास्तव याहून वाईट असतं.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, ९० टक्क्यांच्या पुढे प्रत्येक टक्का महाग आहे. तिथे थोडंसं काम वाचवलं तरी फरक जाणवतो. दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. प्रोसेस ६० टक्क्यांवर आहे आणि पानं पाच-पाच सेकंद उघडत नाहीत, तर त्यात सीपीयूचा दोष नाही. वरच्या हिशेबात ६० टक्क्यांवर ५ मिलिसेकंद येतात. पाच सेकंद त्याच्या हजारपट आहेत. ते कुठून तरी दुसरीकडून आले.

टॉपच्या वरच्या ओळीतली दोन-दोन अक्षरंही बघून ठेवायची. यूएस म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतःचं डोकं चालतंय: नियम तपासणं, रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणं), एन्क्रिप्शन. एसवाय म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, राबतोय: जोडण्या उघडणं-मिटणं, डेटा इकडून तिकडे नेणं. एसआय चढलं आणि तेही एकाच कोअरवर, तर नेटवर्क कार्डाची सगळी पॅकेट त्या एकट्याच्या गळ्यात पडली आहेत. एसटी व्हर्च्युअल मशीनवर दिसतं. आपल्या वाट्याचा वेळ त्याच खऱ्या मशीनवरचं दुसरं कोणीतरी घेऊन गेलं असा त्याचा अर्थ, आणि आपल्या कॉन्फिगमध्ये कितीही खुडबुड केली तरी ते कमी होत नाही. डब्ल्यूए म्हणजे सीपीयू रिकामा आहे, पण डिस्ककडे डोळे लावून बसलाय. लिनक्सचा लोड अॅव्हरेज डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यामुळे लोड २० आणि सीपीयू मोकळा, असं चित्र दिसलं तर चक्रावून जायचं कारण नाही. तिथे डिस्क दमली आहे.

लॉगमधला दुसरा रकाना

खरी माहिती मात्र टॉपमध्ये नाही, ती अॅक्सेस लॉगमध्ये आहे. स्क्विडच्या नेहमीच्या लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ असते. पहिला रकाना वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. दुसरा रकाना म्हणजे त्या रिक्वेस्टला लागलेले मिलिसेकंद. मग ग्राहकाचा पत्ता, मग निकाल: टीसीपी_हिट, टीसीपी_मेम_हिट, टीसीपी_मिस, टीसीपी_डिनाइड वगैरे. पुढे बाइट, पद्धत, यूआरएल.

हा दुसरा रकाना घ्या आणि हिट व मिस वेगवेगळे करून बघा. निदानाचं जवळजवळ सगळं काम इथे होतं. हिट झटपट आणि मिस हळू असतील तर प्रॉक्सी ठणठणीत आहे. दुखणं बाहेर आहे, म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा), बाहेरची लाइन किंवा पलीकडचा सर्व्हर. हिटसुद्धा हळू असतील तर दुखणं घरातलं, कारण मेमरीतून द्यायच्या पानासाठी बाहेर जावंच लागत नाही. तिथे सीपीयू, डिस्क, मेमरी किंवा नियम तपासायचे. स्क्विडचा कॅशे मॅनेजर, म्हणजे स्वतःची आकडेवारी सांगणारा त्याचा भाग, हाच हिशेब तयार करून देतो: त्याच्या माहितीपानावर हिट, मिस आणि डीएनएस यांचा मध्यक वेळ गेल्या ५ मिनिटांचा आणि ६० मिनिटांचा असा शेजारी शेजारी असतो. पाच मिनिटांचा आकडा साठ मिनिटांच्या कित्येक पट असेल तर दुखणं आत्ता सुरू झालंय.

लॉग वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. ओळ लिहिली जाते ती रिक्वेस्ट संपल्यावर, म्हणजे या क्षणी अडकलेल्या रिक्वेस्ट लॉगमध्ये नसतातच. दुसरं, एचटीटीपीएसची वाहतूक प्रॉक्सी न उघडता बंद बोगद्यातून जाऊ देतो; तिच्या कनेक्ट प्रकारच्या ओळीतला वेळ हा पूर्ण बोगद्याचं आयुष्य असतो. कोणी दहा मिनिटं चॅट उघडं ठेवलं की तिथे ६ लाख मिलिसेकंद दिसतात. ते बघून कोणाला फोन करू नका. सरासरी काढताना या ओळी बाजूला ठेवल्या नाहीत तर सगळा हिशेब बिघडतो. आणि तिसरं, मोठी फाइल आणि ग्राहकाचं मंद वायफाय असेल तरी त्या रकान्यातला आकडा फुगतो.

आता गंमत बघा. हळू असलेल्या मिसचे वेळ एका खाली एक लिहून काढले की बऱ्याचदा ते विखुरलेले नसतात, गठ्ठ्यांनी येतात. ५०३७, ५०४१, ५१२०, ५०२९. पाच सेकंद आणि वर थोडं. मूळ सर्व्हर खरोखर हळू असता तर आकडे ३,००० ते ९,००० असे कुठेही पडले असते. इतकं नेमकं पाच म्हणजे कोणाचं तरी घड्याळ संपतंय. स्क्विड डीएनएसला प्रश्न विचारतो आणि उत्तर आलं नाही तर मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांनी पुन्हा विचारतो. यादीतला पहिला डीएनएस सर्व्हर मेलेला आहे आणि दुसरा उत्तर देतोय, असं हे चित्र. आकडे १, ३ आणि ७ सेकंदांच्या आसपास साचत असतील तर पत्ता मिळाला, पण जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवतंय; लिनक्स ते १ सेकंदाने, मग आणखी २ ने, मग आणखी ४ ने पुन्हा पाठवतो. मधे एखादा फायरवॉल पॅकेट गपचूप गिळत असेल तर हेच दिसतं. या दोन खुणा ओळखता आल्या तर अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं.

मेलेला डीएनएस नुसता उशीर करून थांबत नाही. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला १५० मिलिसेकंद लागतात असं धरा. मग कोणत्याही क्षणी साधारण ३० रिक्वेस्ट हातात असतात: येण्याचा वेग गुणिले रेंगाळण्याचा वेळ. आता प्रत्येक रिक्वेस्ट ५ सेकंद रेंगाळली तर हातात १,००० होतात. बाहेरची जोडणी अजून उघडलेलीही नसते, पण ग्राहकाची जोडणी अडकून राहते आणि तेवढे फाइल डिस्क्रिप्टर (प्रत्येक उघड्या फाइलीला किंवा जोडणीला लागणारा क्रमांक) खर्ची पडतात. प्रोसेसला १,०२४ डिस्क्रिप्टरचीच मुभा असेल, आणि अनेक ठिकाणी ती तेवढीच असते, तर लॉगच्या फाइली आणि मोकळ्या ठेवलेल्या जोडण्या मिळून मर्यादा संपते. कॅशे लॉगमध्ये (स्क्विड स्वतःच्या तक्रारी लिहितो त्या वेगळ्या फाइलीत) डिस्क्रिप्टर संपत आल्याचा इशारा उमटतो आणि स्क्विड नवीन जोडण्या घ्यायला कांकू करू लागतो. आता हिटसुद्धा हळू. हिट हळू म्हणजे दुखणं घरातलं हा मघाचा नियम इथे फसवतो, म्हणून हा इशारा आहे का हे आधी शोधायचं. (डीएनएसची उत्तरं स्क्विड स्वतःही साठवतो, त्यामुळे प्रत्यक्षात सगळ्याच रिक्वेस्ट अडकत नाहीत. पण मर्यादा संपायला निम्म्याही पुरतात, कारण एका ग्राहकाच्या ब्राउझरने बऱ्याच जोडण्या उघडलेल्या असतात.)

आणि मग सीपीयू चढतो! लोक कंटाळून रीलोड दाबतात. रीलोड म्हणजे ब्राउझर प्रॉक्सीला सांगतो की साठ्यातलं तसंच देऊ नको, मूळ सर्व्हरला विचारून दे. म्हणजे जे हिट झाले असते तेही बाहेर जातात, तोच मेलेला डीएनएस, तीच पाच सेकंदं. दुखऱ्या प्रॉक्सीवर कामाचा भार दुप्पट. या क्षणी टॉप उघडणाऱ्याला स्क्विड वर दिसतो आणि तो कॉन्फिगमध्ये कॅशे मोठा करायला बसतो. डिस्क्रिप्टरची मर्यादा वाढवा, ते करायचंच आहे, पण आधी डीएनएसच्या यादीतलं ते मढं काढा.

सीपीयू खरंच राबत असेल तेव्हा

यूएस चढलेलं आहे, डब्ल्यूए शून्याजवळ आहे, मेमरीतले हिटसुद्धा हळू आहेत. आता मात्र काम जास्त आहे हे खरं. कोणतं काम?

माझा पहिला संशय नेहमी ब्लॉकलिस्टवर असतो. कुठून तरी ४०,००० डोमेनची यादी आणलेली असते आणि ती यूआरएल रेजेक्स प्रकारच्या नियमाला जोडलेली असते, कारण तसं केलं तरी ‘चालतं’. चालतं म्हणजे काय होतं ते बघा. रेजेक्सची यादी वरून खाली तपासत जावी लागते. एखादी रिक्वेस्ट यादीत सापडली तर तपास तिथे थांबतो. पण बहुतेक रिक्वेस्ट साध्यासुध्या पानांच्या असतात, त्या यादीत नसतातच, आणि नाही हे कळायला शेवटची ओळ गाठावी लागते. सज्जनालाच पूर्ण झडती! सेकंदाला २०० रिक्वेस्ट गुणिले ४०,००० नमुने म्हणजे दर सेकंदाला ८० लाख तुलना. नव्या आवृत्त्या अनेक नमुने जोडून एक मोठा नमुना बनवतात, त्याने थोडी बचत होते, पण जाच संपत नाही.

डोमेनसाठी डीएसटीडोमेन हा वेगळा प्रकार आहे. तो नावं झाडासारख्या रचनेत ठेवतो, शब्दकोशात शब्द शोधावा तसा. ४०,००० नावांत शोधायला पंधरा-सोळा पायऱ्या पुरतात. नावाआधी टिंब दिलं की सगळी उपडोमेनं त्यात येतात. शिवाय रेजेक्समध्ये टिंबाचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’ असा होतो, त्यामुळे ती जुनी यादी भलत्याच साइटही अडवत होती, हे बदल केल्यावर कळतं. खरोखर नमुनाच शोधायचा असेल अशा पाच-दहा ओळी रेजेक्समध्ये राहू द्या.

नियमांचा क्रमही बघा. एका ओळीतल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात आणि एक खोटी ठरली की पुढच्या बघितल्या जात नाहीत. ग्राहकाचा आयपी पत्ता तपासणं स्वस्त, रेजेक्स महाग, आणि ज्या अटीला डीएनएस विचारावा लागतो ती सगळ्यात महाग. स्वस्त अट आधी लिहा. डीएसटी या प्रकारात गंतव्याचा आयपी पत्ता लागतो, म्हणजे नाव आलं की डीएनएस आलाच; कॉन्फिगमध्ये तो शब्द निरागस दिसतो.

दुसरा संशय एन्क्रिप्शनवर. एचटीटीपीएसची वाहतूक नुसती बोगद्यातून जाऊ दिली तर प्रॉक्सी फक्त बाइट इकडून तिकडे करतो, ते स्वस्त आहे. पण एसएसएल बंप लावून ती उघडून बघायची ठरवली, तर प्रत्येक नव्या जोडणीला दोन हँडशेक (ओळख आणि चाव्या ठरवण्याची सुरुवातीची बोलणी) होतात, एक ग्राहकाशी आणि एक पलीकडच्या सर्व्हरशी. ग्राहकासमोर धरायला त्या साइटच्या नावाचं प्रमाणपत्रही प्रॉक्सीला स्वतः बनवावं लागतं. आरएसए चावीने सही करणं हे सही तपासण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे, आणि ग्राहकाच्या बाजूला सही करणारे आपणच. सकाळी सगळे एकदम कामाला बसतात तेव्हा सीपीयूचा सुळका दिसतो आणि अर्ध्या तासात उतरतो, तो बहुधा यामुळे. उपाय रटाळ आहेत: सेशन पुन्हा वापरू द्या, ज्या साइट उघडून बघायची गरज नाही त्या बोगद्यातून जाऊ द्या, वर्कर वाढवा.

यातून एक जरा कटू निष्कर्ष निघतो. आज बहुतेक वेब एचटीटीपीएसवर आहे आणि बोगद्यातलं काही साठवता येत नाही. तुमचा प्रॉक्सी बंप करत नसेल, तर त्याचा डिस्क साठा बहुधा शोभेचा आहे. हिटचं प्रमाण लॉगमध्ये मोजा. अगदीच नगण्य असेल तर डिस्क साठा बंद करा. स्क्विडची मूळ मांडणीसुद्धा फक्त मेमरीत साठवते. अनेकांना हे पटत नाही, ‘कॅशिंग प्रॉक्सीतून कॅशे काढायचा?’ असं विचारतात. काढायचा, उपयोग नसेल तर.

तिसरा प्रकार अगदी साधा: एकच ग्राहक. लॉगमधले पत्ते मोजून उतरत्या क्रमाने लावा. पहिला पत्ता दुसऱ्याच्या वीसपट निघाला तर दुसरं काही शोधू नका. बऱ्याचदा ते एखादं अपडेट करणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला पासवर्ड कसा द्यायचा ते कळत नाही, ४०७ हा ‘आधी ओळख पटव’ असा नकार मिळतो आणि ते तत्क्षणी पुन्हा विचारतं, दिवसभर. मात्र एनटीएलएम ही विंडोजची लॉगिन पद्धत असेल तर यशस्वी लॉगिनच्या आधी दोनदा ४०७ येणं हा रीतसर शिष्टाचार आहे, त्याला हल्ला समजू नका. अनोळखी देशोदेशीचे पत्ते दिसले तर तुमचा ३१२८ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे स्क्विड जिथे जोडण्या घेतो ते दार, जगाला खुला आहे. तो आधी बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

सीपीयू मोकळा, तरी सगळे खोळंबलेले

आता उलट बाजू. पासवर्ड तपासायला किंवा यूआरएल पारखायला स्क्विड बाहेरचे हेल्पर प्रोग्रॅम वापरतो. समजा पाच हेल्पर आहेत आणि प्रत्येकाला एका उत्तराला ५० मिलिसेकंद लागतात. मग सेकंदाला शंभरच उत्तरं मिळणार, त्याहून एकही जास्त नाही, मशीन कितीही दांडगं असो. सेकंदाला १२० प्रश्न आले की दर सेकंदाला वीसची रांग वाढत जाते आणि मिनिटभरात बाराशे जण ताटकळतात. टॉपमध्ये सगळं शांत. कॅशे लॉगमध्ये मात्र सगळे हेल्पर व्यस्त असल्याची आणि इतक्या रिक्वेस्ट रांगेत असल्याची ओळ असते. हेल्पर वाढवा हा उपाय लॉगच सुचवतो. पण हेल्पर ज्या डिरेक्टरी सर्व्हरला (वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड ठेवणाऱ्या) विचारतो तोच हळू असेल तर दहाचे वीस करून त्याच्यावर दुप्पट माणसं धाडण्यासारखं होतं. उत्तर किती काळ लक्षात ठेवायचं ती मुदत वाढवणं पुष्कळदा जास्त लागू पडतं.

मेमरीचा घोळ मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथे चांगल्या हेतूने केलेला बदल अंगाशी येतो. कॅशे_मेम या सेटिंगचा आकडा, मूळचा २५६ मेगाबाइट, हा पूर्ण प्रोसेसचा आकार नव्हे. तो फक्त मेमरीत ठेवलेल्या पानांचा कोटा. डिस्कवर साठवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वेगळी मेमरीत ठेवावी लागते आणि ६४ बिट मशीनवर दर एक जीबी साठ्यामागे साधारण १४ मेगाबाइट हा ठोकताळा आहे. कोणीतरी विचार करतं, डिस्क मोकळी पडली आहे, साठा २० जीबीवरून २०० करू. नोंदवहीच २८० मेगाबाइटवरून २.८ जीबी होते. मशीनला मेमरी दोनच जीबी असेल तर वहीची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे परत डिस्कवर, जातात. आता ‘हे पान आपल्याकडे आहे का?’ एवढं बघायलाही डिस्क गाठावी लागते. आणि कारकून एकच! तो पान परत यायची वाट बघत बसला की मागचे सगळे थांबले, मेमरीतून मिळणारे हिटसुद्धा. व्हीएमस्टॅट कमांडमध्ये स्वॅपचे दोन रकाने सतत हलताना दिसले तर साठा लहान करा. मोठ्या साठ्याने वेग वाढतो ही समजूत इथे उलटते.

यूएफएस पद्धतीतही हाच दोष आहे. तिथे डिस्कवाचन मुख्य प्रोसेस स्वतः करते. एयूएफएसमध्ये ते काम वेगळे थ्रेड (त्याच प्रोसेसमधले समांतर चालणारे हात) करतात आणि खिडकी मोकळी राहते. यूएफएसवर अजून कोणी असेल तर हा बदल स्वस्तातला आहे.

एखाद्याने कधीतरी बिघाड शोधताना डीबगची पातळी ९ केलेली असते आणि ती परत १ करायचं राहून जातं. मग कॅशे लॉग फुगत राहतो, सीपीयू आणि डिस्क दोन्ही त्यातच जातात. हसू नका, तपासा.

राहता राहिला रीस्टार्ट, म्हणजे सगळ्यांचा पहिला उपाय. त्याने दहा मिनिटं बरं वाटतं, कारण अडकलेल्या जोडण्या सुटतात. सोबत कॅशे मॅनेजरचे आकडेही शून्य होतात, म्हणजे पुरावा गेला. करायचाच असेल तर आधी माहितीपान फाइलमध्ये उतरवून घ्या. थांबायला सांगितल्यावर स्क्विड चालू जोडण्यांना संपायला वेळ देतो, मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद. या तीस सेकंदांत माणसाला वाटतं की हा लटकला, आणि तो प्रोसेस जबरदस्तीने मारतो. मग साठ्याची सूची नीट बंद होत नाही, पुढच्या सुरुवातीला स्क्विड साठा ‘डर्टी’ ठरवून पुन्हा पडताळत बसतो, डिस्क आणि सीपीयू त्यात गुंततात आणि प्रॉक्सी आधीपेक्षा हळू होतो. हे बघून आणखी एकदा रीस्टार्ट केला जातो. मोठ्या साठ्यावर हे चक्र दिवसभर चालू शकतं. असं झालंच, तर कॅशे लॉग उघडा, साठ्याची पुनर्बांधणी पूर्ण झाल्याची ओळ येईपर्यंत कीबोर्डला हात लावू नका, आणि मोजायला सुरुवात त्यानंतर करा.